लॅपटॉपसमोर बसलं की त्रास होतो: चिप घेण्याआधी सॉकेट उघडून बघा

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागेल. ताई डोंबिवलीला एका जुन्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतात, अकाउंट्सचं काम आठवड्यातले तीन दिवस घरून आणि दोन दिवस ऑफिसातून करतात. कंपनीने दिलेला मेटल बॉडीचा लॅपटॉप आहे, घरी त्याला वेगळा मोठा मॉनिटर जोडलाय, टेबलाखाली इन्व्हर्टर, मागे शेल्फवर वायफायचा राउटर, बाजूला लेझर प्रिंटर. घरी कामाला बसलं की तासाभरात मनगटांना झिणझिण्या येतात, गाल तापतात, डोळे चुरचुरतात आणि संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं. ऑफिसात यातलं फार काही होत नाही. कोणीतरी अँटी रेडिएशन चिप (मशीनवर चिकटवायचा स्टिकर) घ्यायला सांगितली, कोणी अर्थिंग मॅट (अंग सॉकेटच्या अर्थला जोडणारी चटई), आणि घरचे म्हणतात सगळे मनाचे खेळ. त्यांनी विचारलंय की यातलं नेमकं काय घ्यावं आणि असंच चालू राहिलं तर नोकरी सोडावी लागेल का.

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. चिप घेऊ नका. अर्थिंग मॅट तर आत्ता अजिबात नको, त्यात धोका आहे, पुढे सांगतो. नोकरी सोडायचा विचार सध्या बाजूला ठेवा. आणि याच आठवड्यात एखादा चांगला वायरमन बोलावून ज्या सॉकेटला लॅपटॉप लावता त्याचं अर्थिंग, म्हणजे झिरपलेला करंट जमिनीत नेणारी वायर, तपासून घ्या. मी पुण्यात वायरिंगची कामं आणि छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सेटअप अशी दोन्ही कामं बरीच वर्षं करतोय, त्यामुळे मशीनसमोर बसलं की काहीतरी होतं ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते, आणि ज्यांना होते त्यांना बहुतेक वेळा घरच्यांनी आणि कधी कधी डॉक्टरांनीही उडवून लावलेलं असतं. तुमचा त्रास खरा आहे हे मी धरूनच चालतो. तो कशामुळे होतो हे मात्र तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही, कारण घर, वायरिंग, मशीन आणि माणूस या चारही गोष्टी दरवेळी वेगळ्या असतात.

मुळात अडचण अशी आहे की कॉम्प्युटरच्या सेटअपमधून एकच काहीतरी बाहेर पडत नाही. चार्जरमधून बॉडीवर येणारं हलकं व्होल्टेज, इन्व्हर्टर-यूपीएसभोवतीचं मॅग्नेटिक फील्ड, वायफाय आणि ब्लूटूथच्या रेडिओ लहरी, स्क्रीनचा प्रकाश आणि त्याची लुकलुक, तापलेल्या प्लास्टिकचा वास, प्रिंटरमधून उडणारे बारीक कण, पंख्याची घरघर, हे सगळं वेगवेगळं आहे आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. लोक या सगळ्याला रेडिएशन म्हणून मोकळे होतात आणि मग एक स्टिकर चिकटवून सगळं जाईल अशी आशा धरतात. ते होत नाही.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती म्हणजे ऑफिसात त्रास होत नाही ही. लॅपटॉप तोच आहे, तुम्ही बॅगेतून नेता तोच. वायफाय तर ऑफिसात घरापेक्षा कितीतरी जास्त असणार, प्रत्येक टेबलावर दोन-तीन डिव्हाइस आणि छताला ॲक्सेस पॉइंट. तरी तिथे होत नाही, म्हणजे संशय पहिला जातो तो घरी जे वेगळं आहे त्याच्यावर: सॉकेट, मॉनिटर, खोलीतला दिवा, हवा, बसायची जागा, टेबलाखालचा इन्व्हर्टर. अर्थात ऑफिसात तुम्ही मधेमधे उठता, चहाला जाता, बोलता, त्याचाही फरक पडतो, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लावता येत नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

आता सॉकेटकडे येतो, कारण झिणझिण्यांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण तेच आहे. हे घरी करून बघा. लॅपटॉप चार्जिंगला लावा, पाय जमिनीला टेकवून बसा, आणि बोटाची मागची बाजू झाकणाच्या मेटलवरून अगदी हलकेच, न दाबता, सरकवा. पृष्ठभाग खरखरीत किंवा थरथरल्यासारखा लागतो का बघा. मग चार्जर काढा आणि परत तसंच बोट फिरवा. आता तोच पत्रा गुळगुळीत लागला तर बॉडीवर व्होल्टेज येतंय हे नक्की समजा. (एक सांगून ठेवतो, हात लावल्यावर सरळ झटका बसत असेल तर हे करायचं नाही, चार्जर काढून ठेवायचा आणि आधी वायरमन बोलवायचा.)

हे होतं कसं, तर चार्जरच्या आत रेडिओचा गोंगाट दाबण्यासाठी एक छोटा कपॅसिटर असतो, तो २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये बसलेला असतो आणि त्यातून अगदी थोडा करंट झिरपत राहतो. अर्थिंग असेल तर तो तिकडून निघून जातो, नसेल किंवा चार्जर टू पिनचा असेल तर तो बॉडीवरच राहतो. मल्टिमीटर लावला तर बॉडी आणि अर्थ यांच्यामध्ये ६०, ८०, कधी १०० व्होल्टच्या पुढे आकडा दिसतो आणि लोक घाबरून जातात. घाबरायचं कारण नाही, कारण चार्जर धड असेल तर त्यामागचा करंट फार कमी असतो, टू पिन चार्जरला स्टँडर्डची मर्यादाच पाव मिलिअँपिअरची आहे. जीवाला धोका नाही. पण उन्हाळ्यातलं घामेजलेलं मनगट तासन्‌तास मेटलच्या धारदार कडेवर टेकलेलं असेल तर तेवढंही जाणवतं, कातडी नाजूक असेल तर जास्तच जाणवतं, आणि ज्याला जाणवत नाही तो तुम्हाला म्हणतो की तुझ्या मनात आहे.

याच्यात अजून एक भर पडते. घरी लॅपटॉप, मॉनिटर, प्रिंटर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर असतं. त्या बोर्डाच्या तिन्ही सॉकेटचं अर्थिंग आतून एकमेकांना जोडलेलं असतं. भिंतीतल्या सॉकेटला अर्थच नसेल तर एका मशीनमधून झिरपणारा करंट त्या हिरव्या वायरमधून दुसऱ्या मशीनच्या बॉडीवर येतो. म्हणजे लॅपटॉपचा चार्जर चांगला असूनही प्रिंटरमुळे लॅपटॉप झिणझिणतो असं होऊ शकतं, आणि माणूस नवीन चार्जर आणत बसतो.

जुन्या बिल्डिंगमध्ये काय असतं ते सांगतो. स्विचबोर्डची प्लेट बाहेरून नवी कोरी, सॉकेटला वरचं मोठं भोक व्यवस्थित, थ्री पिन छान बसते. प्लेटचे स्क्रू काढून बोर्ड पुढे ओढला की दिसतं, फेजची (करंट आणणारी) वायर आहे, न्यूट्रलची (परत नेणारी) आहे, आणि वरच्या टर्मिनलला काहीच नाही, स्क्रूवर रंगाचे ठिपके तसेच, म्हणजे तिथे कधी वायर लागलीच नाही. किंवा वायर आहे पण ती पाइपमध्ये दोन फुटांवर कापून सोडलेली. किंवा घरातलं सगळं नीट आहे आणि खाली मीटर रूममध्ये अर्थची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी जॉइंटला गंजून तुटलेली, मग अख्ख्या विंगला अर्थिंग नाही आणि कोणाला पत्ता नाही. वर पंखा चालतो, टीव्ही चालतो, त्यामुळे कोणी बघतच नाही.

वायरमन आला की त्याच्याकडून तीन रीडिंग घ्यायला लावा. फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ. पहिली दोन साधारण सारखी, २३० च्या आसपास यायला हवीत, तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. नुसत्या टेस्टरवर भागवू देऊ नका, आणि नुसत्या मीटरवरही नको, कारण डिजिटल मीटर लोंबकळणाऱ्या वायरवरही आकडा दाखवतो. फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावून बघायला सांगा, बल्ब नीट पेटला पाहिजे. घरात आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावल्याबरोबर तो ट्रिप होईल, ते बिघडलेलं नाही, उलट अर्थिंग आहे आणि आरसीसीबी काम करतोय याचा तो पुरावा. हे सगळं वायरमनने करायचं, तुम्ही नाही.

आता जे सांगतोय ते नीट वाचा. अर्थिंग नसलं की काही वायरमन सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थच्या टर्मिनलमध्ये एक छोटा वायरचा तुकडा टाकून देतात. मीटरवर सगळी रीडिंग बरोबर दिसतात, झिणझिण्याही थांबतात, पैसे घेऊन तो निघून जातो. पण उद्या कुठेतरी न्यूट्रल तुटला तर पूर्ण २३० व्होल्ट तुमच्या लॅपटॉपच्या, फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येणार. माणसं गेली आहेत अशाने. ओळखायची खूण अशी की त्याच सॉकेटवर इस्त्री किंवा गीझरसारखा मोठा लोड चालू करून न्यूट्रल-अर्थ मोजायचं. खरं अर्थिंग असेल तर लोड आल्यावर थोडंफार व्होल्टेज दिसतं, कारण न्यूट्रलमधून करंट वाहतोय. तुकडा टाकलेला असेल तर काटा शून्यावरून हलत नाही. शंका आली तर प्लेट उघडून दाखव म्हणायचं, लाजायचं नाही. नळाच्या पाइपला अर्थ जोडू देऊ नका, आता पाइप बहुतेक प्लास्टिकचे असतात, आणि गॅसच्या पाइपला तर कधीच नाही.

अर्थिंग मॅटला मी नको म्हणतो ते याच्यामुळे. ती मॅट तुम्हाला सॉकेटच्या अर्थला जोडते. तो अर्थ असा जुगाड केलेला असेल तर तुम्ही स्वतःला न्यूट्रलला बांधून घेताय. आणि अर्थ चांगला असला तरी आजूबाजूच्या वायरींचं फील्ड जातं कुठे, उलट तुमच्या अंगातून जमिनीकडे जाणारा तो बारीक करंट वाढतोच. बॉडी अर्थ करायची ती मशीनची, माणसाची नाही.

भाड्याच्या घराची अडचण मला माहीत आहे. मालकाला रेडिएशन, झिणझिण्या असलं काही सांगत बसू नका, सरळ सांगा की सॉकेटला अर्थ नाही आणि वॉशिंग मशीनला हात लावताना भीती वाटते. हे ऐकलं जातं. मीटर रूममधला दोष असेल तर तो सोसायटीचा विषय आहे, सेक्रेटरीला लेखी द्या. आयएस ३०४३ हे अर्थिंगचं भारतीय स्टँडर्ड आहे, अर्जात तेवढा उल्लेख केला तरी पुरे. आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तो बसवून घ्या, या सगळ्या त्रासाशी संबंध असो नसो.

तोपर्यंत काय करायचं, तर फुकटातला उपाय आहे. काम करताना चार्जर काढून ठेवा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा, जेवायच्या वेळी चार्ज करा. पण मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडलेला असेल तर त्याच्यातूनही व्होल्टेज येतं, म्हणून बॅटरीवर असताना ती केबलही काढायची. साधा प्लास्टिकचा यूएसबी कीबोर्ड आणि वायरचा माउस लावा, म्हणजे मनगट मेटलला लागणारच नाही. तीन-चार कामाचे दिवस असं करून झिणझिण्या गेल्या तर कारण सापडलं. नाही गेल्या तर ते नुसतं व्होल्टेज नव्हे. इथे एक गोष्ट स्वतःची स्वतः बघा: झिणझिण्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात जास्त येतात का, आणि रात्री झोपेतून त्यामुळे जाग येते का. तसं असेल तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता जास्त आहे, कीबोर्डवर काम करणाऱ्यांना ते होतं, आणि त्याला हाडांच्या डॉक्टरकडेच जायला हवं, माझ्यासारख्याकडे नाही.

इन्व्हर्टरचं लवकर सांगून मोकळा होतो. आत जड ट्रान्सफॉर्मर असलेली कुठलीही वस्तू जवळून बरंच मॅग्नेटिक फील्ड देते, पण ते अंतराबरोबर फार झपाट्याने पडतं. डब्ल्यूएचओच्या तक्त्यात कॉम्प्युटरचं फील्ड ३ सेंटिमीटरवर ०.५ ते ३० मायक्रोटेस्ला (मॅग्नेटिक फील्ड मोजायचं माप) दिलंय आणि ३० सेंटिमीटरवर ०.०१ पेक्षा कमी. शेकोटीपासून चार पावलं मागे सरकलं की झळ जाते तसंच. ट्रान्सफॉर्मरचं फील्ड याहून लांबवर जातं, तरी नियम तोच. त्यामुळे जाळ्या, कापड, शिल्ड काही विकत घेऊ नका, इन्व्हर्टर पायापासून उचलून दीड-दोन मीटरवर, शक्यतो पॅसेजमध्ये न्या. तसंही त्याची गुणगुण आणि बॅटरीचा वास दिवसभर पायाशी असणं काही बरं नाही, स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर तो जास्तच गुणगुणतो. बाकी माझ्या अनुभवात मॅग्नेटिक फील्ड कमी झालं म्हणून डोकं उतरलं असं फार क्वचित दिसलंय, आवाज गेला म्हणून उतरलेलं जास्त.

गाल तापणं, डोळे चुरचुरणं, डोकं जड होणं, या तिन्हींसाठी मी स्क्रीन आणि हवा बघतो. ही तक्रार नवीन नाहीये. १९८० च्या दशकात स्वीडन आणि नॉर्वेमध्ये स्क्रीनसमोर काम करणाऱ्या लोकांनी चेहरा भाजल्यासारखा होतो, लाल होतो अशा तक्रारी केल्या आणि तिथल्या कामगार संघटनांनी ती गोष्ट लावून धरली. तेव्हाचे मॉनिटर पिक्चर ट्यूबचे, समोर काचेवर स्टॅटिक इतकी की हात नेला की केस उभे राहायचे, मागे हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर. त्यातून आधी १९९० चं एमपीआर-२ हे मॉनिटरसाठीचं स्वीडिश स्टँडर्ड आलं आणि मग स्वीडनमधल्या टीसीओ या कर्मचारी संघटनेने आणखी कडक टीसीओ ९२ आणलं, स्क्रीनपासून ३० सेंटिमीटरवर इलेक्ट्रिक फील्ड १० व्होल्ट प्रति मीटरच्या आत आणि मॅग्नेटिक ०.२ मायक्रोटेस्लाच्या आत. जुन्या मॉनिटरवर टीसीओचा स्टिकर अनेकांनी बघितला असेल, तो हाच. मला यातून काढायचंय ते एवढंच की सपाट पडद्याच्या मॉनिटरमध्ये ती ट्यूबच नाही, ती स्टॅटिक नाही, तो ट्रान्सफॉर्मर नाही. तरी लोकांचा चेहरा आजही तापतो. म्हणजे बाकी जे उरलंय त्याच्यात शोधायला हवं.

उरलंय त्यात पहिली लुकलुक. बऱ्याच एलईडी मॉनिटरमध्ये ब्राइटनेस कमी केला की मागचे दिवे खरंच मंद होत नाहीत, ते सेकंदाला काहीशे वेळा चालू-बंद होतात आणि डोळ्याला सरासरी मंद दिसतं. बहुतेकांना काही होत नाही, मायग्रेनवाल्यांना मात्र खूप होतं. मजा अशी की ज्याला त्रास होतो तो ब्राइटनेस आणखी कमी करतो आणि लुकलुक आणखी वाढते. तपासायला मोबाइलचा कॅमेरा प्रो मोडमध्ये घ्या, शटर स्पीड १/२००० च्या पुढे ठेवा आणि पांढऱ्या स्क्रीनकडे धरा. काळे पट्टे सरकताना दिसले तर लुकलुक आहे. मग मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण करून परत बघा, बहुतेक वेळा पट्टे जातात. तसं झालं तर ब्राइटनेस पूर्णच ठेवायचा आणि उजेड सॉफ्टवेअरने किंवा कॉन्ट्रास्टने कमी करायचा, आणि खोलीतला दिवा वाढवायचा म्हणजे स्क्रीन डोळ्यावर येत नाही. तीच कॅमेऱ्याची परीक्षा खोलीतल्या एलईडी बल्बची घ्या, स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. बल्ब बदलणं हा या अख्ख्या उत्तरातला सगळ्यात स्वस्त उपाय असू शकतो. आणि दोन दिवस मॉनिटर बंद ठेवून नुसत्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर काम करून बघा, कारण लॅपटॉप ऑफिसातही असतो आणि हा मॉनिटर फक्त घरी आहे.

दुसरी हवा. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी वेळा मिटतात, त्यात समोरून एसी किंवा टेबल फॅनचा झोत असेल तर डोळे आणि गाल दोन्ही कोरडे पडतात आणि तापल्यासारखे वाटतात. झोत बाजूला वळवा. नवीन मशीनला वास येतो तो नुसता वास नसतो. स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांना २००० साली मॉनिटरच्या प्लास्टिकमधून, गरम झाल्यावर, ट्रायफेनिल फॉस्फेट नावाचं आग प्रतिबंधक रसायन हवेत येताना सापडलं होतं, आणि त्याची ॲलर्जी असणारे लोक असतात. आता सगळीकडे तेच वापरतात असं नाही, पण नवीन मॉनिटर आणला की तो आधी काही दिवस माणूस नसलेल्या, खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत दिवसभर चालू ठेवावा हे मी ज्यांना वासाचा त्रास आहे त्यांना आवर्जून सांगतो. लेझर प्रिंटर तर बसायच्या खोलीत ठेवूच नका. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीने २००७ मध्ये ६२ प्रिंटर तपासले होते, त्यातले १७ अतिसूक्ष्म कण मोठ्या प्रमाणात सोडणारे निघाले. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे संध्याकाळी मच्छर येतात म्हणून खिडक्या बंद आणि त्याच खोलीत डासांची मशीन किंवा कॉइल चालू. तुमचं डोकं संध्याकाळीच जड होतं असं तुम्ही लिहिलंय, तर हे आधी बघा, कॉम्प्युटरला नंतर दोष द्या.

राहिलं वायफाय. इथे मला जे वाटतं ते स्पष्ट लिहितो. डब्ल्यूएचओने २००५ साली या विषयावर जे पत्रक काढलं त्यात म्हटलंय की लक्षणं खरी असतात आणि काहींना ती काम करू देत नाहीत, पण ती या लहरींमुळे येतात असं दाखवणारा आधार नाही. त्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी तोवर झालेले ३१ प्रयोग एकत्र तपासले, स्वतःला या लहरींबाबत संवेदनशील म्हणणारे ७२५ लोक त्यात होते, आणि सिग्नल खरा चालू आहे की खोटा हे त्यांना ओळखता येतं असं सिद्ध झालं नाही. खोट्या सिग्नललाही त्रास होत होता. पुढे २०१३ च्या एका प्रयोगात साधारण निम्म्या लोकांना वायफायच्या धोक्यांवरची आणि बाकीच्यांना दुसरीच फिल्म दाखवून मग सगळ्यांना वायफाय चालू केलंय असं नुसतं सांगितलं, चालू काहीच नव्हतं, तरी निम्म्याहून जास्त लोकांनी लक्षणं सांगितली, बोटांना मुंग्या आल्या हेसुद्धा. ही माणसं नाटक करत नव्हती. भीतीने शरीर खरंच तसं वागतं, आणि म्हणून मी कोणाला रेडिएशनची भीती घालत नाही, त्याने त्रास वाढतो.

तरी राउटर हलवायला पैसे पडत नाहीत, मग हलवा. अर्ध्या मीटरवरून तीन मीटरवर नेला तर तुमच्यापर्यंत पोचणारी पॉवर साधारण छत्तीसाव्या भागावर येते. लॅपटॉपला लॅन केबल लावा, साधी कॅट ६ पुरते, आणि लॅपटॉपचं वायफाय-ब्लूटूथ बंद करा, कारण तुमच्या हाताजवळचा ट्रान्समीटर राउटर नाही, लॅपटॉप स्वतः आहे. कॉल कटायचे थांबतील हा वेगळा फायदा. पण एक लक्षात घ्या, राउटरचं वायफाय पूर्ण बंद केलंत तर मोबाइल डेटावर जाईल, आणि जुन्या बिल्डिंगच्या आतल्या खोलीत रेंज कमी असेल तर तो जास्त ताकदीने ट्रान्समिट करेल, म्हणजे खिशातलं वाढलं. चिप आणि कव्हरचंही तसंच आहे, ते खरंच अडवत असेल तर फोन पॉवर वाढवतो आणि अडवत नसेल तर पैसे गेले. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने ५जीपासून संरक्षण म्हणून विकली जाणारी लॉकेट, ब्रेसलेट वगैरे दहा उत्पादनं तपासली तर त्यातच किरणोत्सारी पदार्थ निघाले आणि ती वापरू नका असा इशारा द्यावा लागला. रेडिएशन नको म्हणून घेतलेलं लॉकेटच रेडिएशन देत होतं.

वायफायबद्दलची शंका मनातून जातच नसेल तर घरच्यांना मदतीला घ्या. तुम्ही लॅनवर काम करायचं, मोबाइल दुसऱ्या खोलीत, राउटरच्या दिव्यांवर काळी टेप. मिस्टरांनी रोज सकाळी नाणं उडवून राउटरचं वायफाय चालू किंवा बंद ठेवायचं आणि स्वतःच्या वहीत लिहायचं, तुम्हाला सांगायचं नाही. तुम्ही रोज संध्याकाळी त्रास किती झाला ते दहापैकी मार्क देऊन तुमच्या वहीत लिहायचं. दोन-तीन आठवड्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवा. जे निघेल ते दोघांनी मानायचं. घरात यावरून वाद असतील तर याने ते मिटतात असं मी बघितलंय, कारण पहिल्यांदाच कोणीतरी तुमचं म्हणणं तपासून बघण्याइतकं गांभीर्याने घेतलेलं असतं.

क्रम परत सांगतो: आधी बॅटरीवर काम आणि प्लास्टिकचा कीबोर्ड, त्याच आठवड्यात अर्थिंगची तपासणी, मग मॉनिटर-बल्बची कॅमेऱ्याने परीक्षा, मग प्रिंटर आणि इन्व्हर्टर बाहेर, मग राउटर आणि लॅन. सगळं एकदम करू नका, एका वेळी एकच बदल आणि निदान तीन-चार कामाचे दिवस तसंच ठेवा, नाहीतर बरं वाटलं तरी कशाने ते कळणार नाही आणि पुढच्या घरी परत शून्यापासून सुरुवात. बरोबरीने डोळ्यांचा नंबर, बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड एवढं फॅमिली डॉक्टरांकडून बघून घ्या, मायग्रेन घरात कोणाला असेल तर तेही सांगा. आणि घरात कोणाला पेसमेकर असेल तर इन्व्हर्टर, फोन किती लांब ठेवायचे हे त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं, माझ्यासारख्याच्या अंदाजावर जायचं नाही.

ऑफिसकडे काही मागायचं झालं तर टू पिनच्या जागी थ्री पिनचा चार्जर आणि फ्लिकर फ्री (न लुकलुकणारा) मॉनिटर एवढंच मागा, आयटीवाले एवढं सहसा देतात. थ्री पिन चार्जरचा उपयोग मात्र सॉकेटला अर्थ असेल तरच. वायरमन येऊन गेला की ती तीन रीडिंग, इस्त्री चालू असतानाचं न्यूट्रल-अर्थ, आणि चार्जर टू पिन आहे की थ्री पिन, एवढं इथेच लिहा, मग पुढचं सांगतो.